नारिताला साडेआठ तास आहेत? टोकियोकडे धावू नका, नारिता गावात जा

तुम्ही विचारलंय, की मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना आई-बाबांबरोबर नारिताला सकाळी आठ ते दुपारी साडेचार थांबायचंय, दोघंही शाकाहारी आहेत, तर तेवढ्या वेळात टोकियो बघून होईल का. मी या विमानतळावर दोनदा असाच मुक्काम केलाय, म्हणून मनापासून सांगते: टोकियो पुढच्या खेपेला ठेवा. नारिता विमानतळ टोकियोपासून साधारण ६० किलोमीटर लांब आहे. पहिल्या खेपेला मी तिकडे गेले होते. स्कायलायनर ही जलद गाडी चाळीसएक मिनिटांत टोकियोतल्या उएनो स्टेशनला पोचवते, पण सामान ठेवणं, तिकीट काढणं, स्टेशनातले जिने, परतीची धाकधूक यात सगळा दिवस गेला, आणि टोकियो म्हणून आठवतो तो फलाटच.

दुसऱ्या खेपेला सासूबाई बरोबर होत्या, वय त्र्याहत्तर. त्या वेळी आम्ही नारिता गावात गेलो, आणि अमेरिकेच्या त्या अख्ख्या प्रवासातला तोच दिवस त्या अजून सगळ्यांना सांगतात.

पण आधी व्हिसा. विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं तर भारतीय पासपोर्टवर जपानचा व्हिसा घरून निघण्याआधीच काढलेला हवा. ‘शोअर पास’ नावाची तात्पुरती परवानगी असते, पण ती द्यायची की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो. आई-बाबांना घेऊन त्या भरवशावर जाऊ नका. मुंबईच्या काउंटरवर सामानाला थेट सॅन फ्रान्सिस्कोचा टॅग लागतोय का, तेही विचारून घ्या. लागत असेल तर हातातली बॅग तेवढी लॉकरमध्ये टाकायची. आणि ‘व्हिजिट जपान वेब’ या जपान सरकारच्या संकेतस्थळावर माहिती भरून क्यूआर कोड घरूनच काढून ठेवा, रांगेत अर्ज लिहीत बसावं लागत नाही. बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, ते तिथले नेहमीचेच.

वेळेचा हिशोब असा: इमिग्रेशनमधून बाहेर पडेपर्यंत साडेनऊ-दहा धरा, दोनला विमानतळावर परत. हातात चार तास उरतात. विमानतळाच्या तळघरातून केइसेई लाइनची साधी गाडी पकडली की दहाएक मिनिटांत केइसेई-नारिता येतं, तिकीट ३०० येनच्या आत. स्टेशनवरून ओमोतेसांदो नावाचा जुना बाजाररस्ता देवळापर्यंत जातो. रमतगमत पंधरा मिनिटं. शेवटी उतार आहे, म्हणजे येताना चढ. बाबांचे गुडघे दुखत असतील तर परतीला टॅक्सी करा.

देऊळ म्हणजे नारितासान शिन्शोजी, ९४० साली स्थापन झालेलं. इथला देव फुदो म्यो-ओ, म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतला अचलनाथ: उजव्या हातात खड्ग, डाव्या हातात पाश, मागे ज्वाळा. हे देऊळ शिंगोन या बौद्ध पंथाचं. तो पंथ भारतातून चीनमार्गे तिकडे गेला, आणि जाताना अग्निपूजा घेऊन गेला. तिचं जपानी नाव ‘गोमा’. होम या शब्दाचंच ते रूप. मुख्य मंदिरात ती रोज होते, दिवसातून बऱ्याच वेळा. त्या दिवसाच्या वेळा देवळाच्या संकेतस्थळावर बघून ठेवा आणि बाकी सगळं तिच्याभोवती बसवा.

आम्ही बूट काढून आत गेलो आणि चटईवर बसलो. घंटा झाली, भिक्षूंची रांग आली, आणि एवढा मोठा ढोल वाजायला लागला की छातीत दणका जाणवत होता. मधल्या भिक्षूने लाकडाच्या लहान समिधा एकावर एक रचल्या, तेल घातलं, आणि ज्वाळा त्याच्या डोक्यापेक्षा उंच गेल्या. सासूबाईंनी माझा हात धरला आणि कानात म्हणाल्या, “अगं, हा तर होमच चाललाय!” सगळे एका सुरात म्हणत होते, “नौमाकु सान्मान्दा बाझारादान”. मूळ संस्कृत: नमः समन्तवज्राणाम्. बाराशे वर्षं जपानी जिभेवर फिरून शब्द गोल झालेत, पण मूळ कळल्यावर कान आपोआप टवकारतात. शेवटी लोक आपापल्या पिशव्या पुढे नेतात, भिक्षू त्या अग्नीजवळ धरून परत देतात. सासूबाईंनी आपली पर्स दिली. तिच्यात पासपोर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या आणि नातवासाठी घेतलेली आंब्याची पोळी होती. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे.

मागे साडेसोळा हेक्टरची बाग आहे, तळी, दगडी वाटा, नोव्हेंबरात लाल मेपल. देवळाचा तीन मजली रंगीत पॅगोडा १७१२ सालचा आहे, त्याच्या छपराखालचं कोरीवकाम मान वर करून जरूर बघा. मुख्य दरवाज्यानंतरच्या पायऱ्या मात्र उभ्या आहेत, आई-बाबांना सावकाश चढू द्या.

खाण्याचं स्पष्ट सांगते. नारिता ईल या सापासारख्या लांब माशासाठी प्रसिद्ध आहे. ओमोतेसांदोवर दुकानाच्या तोंडाशीच कारागीर बसतात, ईलचं डोकं टोच्याने फळीवर रोवतात आणि पाठीकडून एका झटक्यात चिरतात. आई-बाबांना बघवणार नसेल तर तो पट्टा समोरच्या बाजूने पार करा. साध्या दिसणाऱ्या नूडल्सच्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो, तेव्हा ‘भाजी घातलीय’ एवढ्यावर मागवू नका. आम्ही घरचे ठेपले नेले होते, ते बागेतल्या बाकावर खाल्ले. विकत घ्यायचं तर योकान घ्या: लाल चवळीसारख्या अझुकीच्या गोड वाटणाची वडी, आगरने, म्हणजे समुद्री शेवाळापासूनच्या चायना ग्रासने, घट्ट केलेली, त्यामुळे निखळ शाकाहारी. चेस्टनट घातलेली नारिताची खासियत आहे, १८९९ पासून चालू असलेलं योनेया हे दुकान याच रस्त्यावर आहे. आणि भाजलेले शेंगदाणे! चिबा प्रांत म्हणजे जपानचं शेंगदाण्याचं कोठार. बाबा खूश होतील.

परत येताना एक काळजी घ्या. केइसेई-नारिताच्या फलाटावरून काही गाड्या हिगाशी-नारितामार्गे शिबायामा-चियोदाकडे जातात. फलकावर ‘नारिता एअरपोर्ट’ लिहिलेलं बघूनच चढा. टर्मिनल दोन किंवा तीन असेल तर आधीच्या स्टेशनवर उतरायचं, एक असेल तर शेवटच्या.