मुलगा कट्टरपंथाकडे झुकतोय असं वाटलं तर

मुलगा धर्माच्या नावाखाली कुणाच्या तरी नादी लागतो आणि आईला सगळ्यात शेवटी कळतं, असा सिनेमा पाहून झोप उडणं साहजिक आहे. पण ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत वाढणारं आपलं पोरगं उपास धरू लागलं, टिळा लावू लागलं किंवा दाढी राखली, एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. जुने मित्र एकाएकी नकोसे होतात, बोलण्यात 'आपण' आणि 'ते' एवढंच उरतं, रात्र रात्र टेलिग्रामवर कुणा 'दादा'शी बोलणं चालतं आणि मारहाणीची बातमी आली की 'बरंच झालं' म्हणतो, तेव्हा मात्र हयगय नको.

पहिली चूक फोन हिसकावण्याची. घरचे तुला समजून घेणार नाहीत, हे त्या दादाने आधीच सांगून ठेवलेलं असतं. फोन गेला की त्याचं म्हणणं खरं ठरतं. दुसरी, 'सांगलीला आजोबांकडे पाठवू, डोकं ताळ्यावर येईल.' फोन सोबत जातोच, वर शाळा आणि मित्र तुटतात, आणि आजोबांना धड काही सांगितलेलंही नसतं.

धर्मग्रंथावरून वाद घालू नका, त्याची उत्तरं पाठ असतात. गाडीत शेजारी बसलेला असताना विचारा, "तिथं तुला काय मिळतं रे?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. अनेकदा मुळाशी शाळेतला अपमान किंवा एकटेपणा निघतो.

त्याच्या ग्रुपवरचे व्हिडिओ पुरावा म्हणून स्वतःच्या फोनवर उतरवून ठेवू नका; ब्रिटनमध्ये काही साहित्य नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं. ग्रुपचं नाव आणि तारीख कागदावर लिहा. इंग्लंड-वेल्समधली 'चॅनल' ही कट्टरतेकडे झुकणाऱ्यांसाठीची सरकारी मदत संमतीनेच मिळते, 18 वर्षांच्या आतल्यांसाठी पालकांच्या, आणि ती घेतल्याने गुन्ह्याची नोंद होत नाही. शाळेतल्या सेफगार्डिंग, म्हणजे मुलांची सुरक्षितता, पाहणाऱ्या शिक्षकांपासून सुरुवात करता येते. जर्मनीत बीएएमएफचं, म्हणजे स्थलांतर आणि निर्वासितांच्या सरकारी खात्याचं, सल्लाकेंद्र 2012 पासून इस्लामी कट्टरतेबाबत पालकांशी बोलतं. बोलण्यात हत्यार, ठरावीक माणूस किंवा निघायची तारीख आली तर थांबू नका: ब्रिटनमध्ये 999, जर्मनीत पोलिसांचा 110.

आणि घरचा व्हॉट्सॲप ग्रुपही एकदा उघडा. मामाने 'त्यांना धडा शिकवा' असं पाठवलं आणि तुम्ही त्यावर हात जोडले असतील, तर पोराने ते वाचलेलं आहे. मामाला म्हणावं, असलं पाठवण्यापेक्षा सांगली जिल्ह्यातल्या कडेगावच्या मोहरमचे फोटो पाठव, हिंदू-मुसलमान मिळून ताबूत उचलतात ते. ऐकत नसेल तर ग्रुप सोडा, आणि का सोडला ते मुलाला सांगा.