लिमात तीन दिवस: काय, कुठे आणि किती वाजता

तुम्ही विचारलंय की पेरूतल्या लिमा शहरात तीन दिवस आहेत, दोघांपैकी एक जण शाकाहारी आहे, तर खाणं, कला आणि जुन्या वस्त्या कशा बसवायच्या. ठिकाणांची यादी नंतर करा, आधी घड्याळ लावून घ्या.

सेविचे दुपारीच खायचं. मासा सकाळच्या बाजारातला, म्हणून बहुतेक चांगल्या सेविचेरिया चार-पाचला बंद होतात. कच्च्या माशाचे तुकडे, छोट्या लिंबांचा रस, मीठ, लाल कांदा, आही लिमो मिरची. सोबत उकडलेलं रताळं आणि टपोऱ्या दाण्यांचा मका. रस वाढण्याच्या जेमतेम काही मिनिटं आधी घालतात. तुकडा बाहेरून पांढरा आणि आत मऊ लागला पाहिजे. चामट लागला, तर तो लिंबात फार वेळ पडून आहे. पूर्वी मासा तासन्‌तास मुरवत असत. ती पद्धत बदलली ती मुख्यतः जपानी वंशाच्या आचाऱ्यांमुळे. पेरूत जपानी मजुरांचं पहिलं जहाज १८९९ मध्ये आलं होतं.

चिनी मजूर त्याआधी, १८४९ पासून आले. त्यांचं खाणं म्हणजे चिफा. त्यासाठी जुन्या शहरातली काये कापोन ही गल्ली गाठा, तीही दिवसाउजेडी. समुद्रकाठच्या मिराफ्लोरेस किंवा बारांको या वस्त्यांमधून मेत्रोपोलितानो बस थेट जुन्या शहरात जाते. कार्ड स्थानकावरच्या यंत्रातून घ्या. दोघांना एकच पुरतं. संध्याकाळी कामावरून सुटणाऱ्यांची गर्दी टाळा.

शाकाहारी माणसाची खरी अडचण भाषेची आहे. ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हटलं की लाल मांस नाही एवढंच समजतात आणि ताटात चिकन येतं. ‘सिन पोयो, सिन पेस्कादो’ (चिकन नको, मासा नको) हेही म्हणा. सूप आणि भातात चिकनचं पाणी असू शकतं, ते वेगळं विचारा. भाज्यांचा चाउफा, म्हणजे चिफातला परतलेला भात, चालेल, पण त्यात अंडं असतं. नको असेल तर ‘सिन उएवो’. काउसा जरूर खा: कुस्करलेला बटाटा, लिंबू आणि पिवळी आही मिरची, मध्ये अव्होकाडो भरलेला मागा. बटाटा मूळचा याच अँडीज पर्वतातला, आणि त्याच्या जातींची विविधता पाहायला मिराफ्लोरेसला लागून असलेला सुर्कियोचा बाजार सकाळी गाठावा.

कलेसाठी एकच जागा निवडायची तर पुएब्लो लिब्रे या भागातलं लार्को संग्रहालय. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहाचं कोठारही पाहता येतं: मोचे या इंकांच्याही आधीच्या लोकांची हजारो मातीची भांडी कपाटांत विषयवार लावलेली. चेहऱ्यांची भांडी सावकाश पाहा, प्रत्येक चेहरा वेगळा आहे. दोन-तीन तास ठेवा. उआका पुक्याना, म्हणजे मिराफ्लोरेसमधला कच्च्या विटांचा पिरॅमिड, मंगळवारी बंद असतो. तिथल्या विटा कपाटातल्या पुस्तकांसारख्या उभ्या, मध्ये फटी सोडून रचल्या आहेत, त्यामुळे भूकंपाचा हादरा भिंत पेलते.

संध्याकाळ बारांकोला द्या. ‘उसाशांचा पूल’ नावाचा लाकडी पूल, त्याखालून समुद्राकडे उतरणारी वाट, भिंतींवरची चित्रं, हे सगळं पायीच. अंधार पडला की गाड्यांवर आंतिकूचो भाजू लागतात: बैलाचं काळीज, आही पांका मिरची, व्हिनेगर, जिरं, लसूण. शेजारीच पिकारोनेस तळत असतात, भोपळा आणि रताळ्याच्या पिठाची कडी, वरून गुळासारख्या चांकाकाचा पाक. ती शाकाहाऱ्यासाठी, पण कढई वेगळी आहे ना, हे आधी पाहून घ्या. परतताना टॅक्सीला मीटर नसतो. भाडं बसण्याआधी ठरवा आणि सुटे सोल (पेरूचं चलन) जवळ ठेवा.