हॅस्केलमध्ये तिघांच्या टपलमधून तिसरी व्हॅल्यू कशी काढायची? एसएनडी चालत नाहीये

तुमच्या टपलमध्ये, म्हणजे कंसात एकत्र बांधलेल्या व्हॅल्यूंमध्ये, रोल नंबर, नाव आणि मार्क असे तिघं आहेत आणि एसएनडी लावलं की टाइप एरर येतो, तो यायलाच पाहिजे. एफएसटी (fst) आणि एसएनडी (snd) ही पहिली आणि दुसरी व्हॅल्यू काढणारी फंक्शन्स फक्त जोडीसाठी असतात, तिघांचं टपल म्हणजे कंपायलरसाठी पूर्ण वेगळा टाइप. लिस्टसारखा इंडेक्स का नाही असं विचारलंय, तर लिस्टमध्ये सगळे एकाच टाइपचे असतात म्हणून कितवाही काढला तरी हातात काय येणार ते आधीच ठरलेलं असतं, पण इथे पहिला इंट, दुसरा स्ट्रिंग, मग इंडेक्स प्रोग्रॅम चालताना ठरला तर कंपायलरने टाइप कुठला धरायचा?

त्यामुळे पॅटर्न मॅचिंग करा. फंक्शनच्या डाव्या बाजूला कंसात अंडरस्कोर, स्वल्पविराम, अंडरस्कोर, स्वल्पविराम, एम असं लिहा आणि उजवीकडे नुसतं एम, झालं काम; अंडरस्कोर म्हणजे ही व्हॅल्यू नको. मी तर जोडीलाही हेच वापरतो, वाचणाऱ्याला नावं दिसतात ना. आणि खरं सांगू का, रोल नंबर-नाव-मार्क हे कोडमध्ये चार ठिकाणी फिरणार असेल तर सरळ रेकॉर्ड, म्हणजे प्रत्येक व्हॅल्यूला नाव असलेला टाइप, करा, उद्या त्यात इयत्ता घालायची झाली की टपलचा प्रत्येक पॅटर्न शोधून बदलावा लागतो.

आता एक गोष्ट, जिच्यात माझे दोन दिवस गेलेत. सरासरी काढायला मी बेरीज आणि संख्या अशी जोडी घेऊन फोल्डएल-प्राइम (foldl'), म्हणजे लिस्टमधला एकेक आकडा घेत उत्तर जमवत जाणारं फंक्शन, चालवलं, फाइल लाखो ओळींची, आणि मेमरी नुसती चढत गेली. प्राइमवालं फंक्शन स्ट्रिक्ट आहे, म्हणजे हिशेब पुढे न ढकलता लगेच करतं, म्हणून मी निर्धास्त होतो! पण ते दर फेरीला फक्त बाहेरचा कंस उघडतं, म्हणजे हे टपल आहे एवढंच बघतं, आतली बेरीज तशीच न केलेली पडून राहते, शून्य अधिक पहिला अधिक दुसरा अधिक तिसरा अशी माळ वाढत जाते आणि तिलाच थंक म्हणतात. उपाय एवढाच की पॅटर्नमध्ये दोन्ही नावांच्या आधी उद्गारचिन्ह द्यायचं, जुन्या जीएचसीत (हॅस्केलच्या कंपायलरमध्ये) त्यासाठी बँगपॅटर्न्स एक्स्टेन्शन चालू करावं लागतं. मग प्रत्येक फेरीत आधीची बेरीज तिथल्या तिथे होते, माळ साचतच नाही.

मार्कांची सरासरी तुम्हालाही लागेलच, तेव्हा ती दोन चिन्हं पहिल्यापासूनच टाका.