'परत येऊ का?' विचारणाऱ्या मुलास

'काकू, नमस्कार. मी बार्शीचा, वय 23. सप्टेंबरच्या शेवटी मास्टर्ससाठी इटलीत पादोवाला आलो, सहा आठवडे झाले. घरात आम्ही चौघं, बाकी तिघं इटालियन. ते स्वयंपाकघरात हसत-खिदळत जेवतात. मी ताट घेऊन खोलीत येतो, दार लावतो आणि आईला व्हिडिओ कॉल करतो. रोज रात्री आठला, दोन-अडीच तास. परवा त्यातल्या एकाने विचारलं, "तू आमच्यावर रागावलायस का?" मला वाटतं, माझ्या फोडणीच्या वासाचा त्यांना त्रास होतो. लेक्चर इंग्रजीत असूनही अर्धं डोक्यावरून जातं. राहण्याच्या परवान्यासाठी पोलीस कचेरीची तारीख थेट फेब्रुवारीतली मिळालीय, तोवर मी बेकायदा आहे का, याची धास्ती. शिष्यवृत्ती अजून आलेली नाही, पण बाबांना आली म्हणून सांगितलंय, कारण माझ्या कर्जासाठी घर तारण आहे. परवा रूममेटला त्याच्या घरून खाण्याचं मोठं खोकं आलं, ते बघून बाथरूममध्ये जाऊन रडलो. घरी व्हेनिसचे फोटो पाठवतो. खरं सांगा, परत येऊ का? – एकटा, पादोवा'

अरे एकट्या,

आधी तुझ्या आईच्या झोपेचं बोलू. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमच्याकडची घड्याळं तासभर मागे गेली. म्हणजे आता तू रात्री आठला ताट घेऊन बसतोस तेव्हा बार्शीत साडेबारा वाजलेले असतात. त्यात अडीच तास मिळव. ती माउली रोज रात्री तीनपर्यंत मोबाइल धरून बसते आणि सकाळी उठून बाबांचा डबा करते. तिने हे तुला सांगितलं नसणार, आणि तू हिशेब केला नसणार. उद्यापासून फोन दुपारी अडीचला कर, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात. अर्धा तास बोल. रात्रीचं जेवण मोकळं ठेव. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

आता परवाना. माझी भाची पादोवातच शिकली, आणि तिच्या पहिल्या नोव्हेंबरात मी दोन महिने तिच्याकडे होते, म्हणून यातलं थोडंफार मला कळतं. पोहोचल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत टपाल कचेरीतून ते जाडजूड पाकीट आणायचं, अर्ज भरायचा, 16 युरोचं मुद्रांक तिकीट चिकटवायचं आणि तिथेच जमा करायचं. तुला फेब्रुवारीची तारीख मिळाली, याचाच अर्थ हे सगळं तू रीतसर केलंयस. बोटांचे ठसे द्यायला महिनोन्महिने थांबावं लागतं, हा तिथला नेहमीचा अनुभव आहे. तोवर टपाल कचेरीची पावती हाच तुझा कागद. तू बेकायदा नाहीस. पावतीच्या दोन झेरॉक्स काढ, मूळ प्रत पासपोर्टबरोबर ठेव. फक्त नुसत्या पावतीवर मध्येच भारतात यायचं ठरवलंस, तर दुसऱ्या युरोपीय देशात विमान बदलण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात विचारून घे. तिथे लोक अडकतात.

या परवान्याला तिकडे 'परमेस्सो' म्हणतात, हे तुला आता झोपेतही पाठ असेल. पण हाच शब्द आणखी एका जागी वापरतात, तो तू ऐकला आहेस का? भाचीच्या शेजारच्या आजींनी मला कॉफीला बोलावलं होतं. दार उघडंच होतं, मी आपली आपल्याकडच्यासारखी चपला काढून सरळ आत. आजी दारातच थिजल्या. भाचीने मागून माझा पदर ओढला आणि पुटपुटली, "मावशी, परमेस्सो म्हण." उंबऱ्यावर थांबून 'परमेस्सो?' म्हणायचं, आतून 'आवांती' किंवा 'प्रेगो' आलं की पाऊल टाकायचं. बोलावलेल्या पाहुण्यानेसुद्धा. म्हणजे आपलं 'येऊ का?' गंमत बघ, सरकारचा कागद आणि शेजारणीचा उंबरा, दोन्हीकडे शब्द एकच. कागदाचं 'येऊ का' तू रांगा लावून विचारलंस. घरातल्या तिघांना मात्र सहा आठवड्यांत एकदाही विचारलं नाहीस.

तो मुलगा 'रागावलायस का' म्हणाला, त्यावर मी थोडी थांबते, कारण तुझ्या अख्ख्या पत्रात मला तेच वाक्य महत्त्वाचं वाटलं. तुझा समज, फोडणीचा वास. असेलही थोडाफार, खिडकी उघड, पंखा लाव, मोहरी तडतडताना स्वयंपाकघराचं दार लोटून घे. पण वासाचा त्रास झालेला माणूस वासाबद्दल बोलतो, रागाबद्दल विचारत नाही. तिथे दुकानात, लिफ्टमध्ये, जिन्यात 'बॉन्जोर्नो' म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत. न बोलता शेजारून जाणं म्हणजे काहीतरी बिनसलंय, असाच अर्थ घेतात. आपल्याकडे घरातल्या माणसांना कोणी सुप्रभात म्हणत नाही, म्हटलं तर आईच विचारेल, बरा आहेस ना? तू आपल्या वळणाने गप्प राहिलास, त्यांनी त्यांच्या वळणाने अर्थ लावला. सकाळी स्वयंपाकघरात शिरताना तोंड उघड. सोबत्यांना 'चाव' चालतं. प्राध्यापक, दुकानदार, वयस्कर माणसं यांना ते नको, तिथे 'बॉन्जोर्नो' आणि 'लेई'. 'तू' आणि 'लेई' यांतला फरक तुला कोणी शिकवायला नको, 'तू' आणि 'आपण' घेऊनच तू मोठा झालास. इंग्रजी बोलणाऱ्यांना तिथे घाम फुटतो. एवढी एक गोष्ट तुला बार्शीतून फुकट मिळालीय.

आणि ते खोकं. ज्याला ते आलं तो दक्षिणेकडचा आहे ना? पुलिया, कालाब्रिया, सिसिली, असं कुठलं तरी? पैजेवर सांगते. त्या खोक्याला इटलीत नावच आहे, 'पाक्को दा जू', म्हणजे 'खालून आलेलं पार्सल'. दक्षिणेतली मुलं शिकायला, नोकरीला उत्तरेत जातात आणि मागून आया ऑलिव्हचं तेल, टोमॅटोचा रस्सा, चीज, घरचे बिस्किटाचे प्रकार असं सगळं कोंबून पाठवतात. टपालखर्च आतल्या मालापेक्षा जास्त झाला तरी पाठवतात. दिवाळीच्या फराळाच्या डब्याहून यात वेगळं काय आहे, मला सांग. पुलियाच्या टोकाहून पादोवा 800 किलोमीटरहून लांब. ज्या मुलाचं खोकं बघून तू बाथरूममध्ये रडलास, तोही परगावीच आहे रे. त्याला विचार, काय काय आलं? तो उघडून दाखवेल, आणि चाखल्याशिवाय सोडणार नाही.

अभ्यासाचं थोडक्यात. प्रत्येक प्राध्यापकाचा आठवड्यातला एक ठरलेला वेळ असतो, 'रिचेविमेंतो'. त्या वेळात विद्यार्थ्याने जाऊन दार वाजवायचं असतं. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये जाणं म्हणजे काहीतरी चुकलेलं असतं. तिकडे जाणारा मुलगा हुशार धरतात. काय कळलं नाही ते एका कागदावर लिहून ने. परीक्षा 30 गुणांची, 18 ला उत्तीर्ण, आणि बऱ्याच विषयांत तोंडी. गुण पसंत नसतील तर बहुतेक ठिकाणी नाकारून पुढच्या फेरीत परत बसता येतं. बार्शीत पहिला येणाऱ्या मुलाला 22 गुण म्हणजे आभाळ कोसळल्यासारखं वाटेल. कोसळत नाही.

बाबांशी खोटं बोललास ते मात्र मला आवडलेलं नाही. त्या प्रांतिक शिष्यवृत्त्या हप्त्यांनी येतात. शाळा सुरू झाल्याबरोबर पहिला हप्ता हातात, असं सहसा होत नाही, हिवाळा उजाडतो. पुढचा हप्ता परीक्षांच्या क्रेडिटवर अवलंबून असतो. तारखा आणि अटी 'बांदो' नावाच्या सूचनापत्रात लिहिलेल्या असतात. ते शब्दकोश घेऊन नीट वाच आणि बाबांना सांग: आली नाही, अमुक सुमारास येईल, तोवर माझ्याकडे इतके युरो आहेत. आकडा सांग. दुकान चालवणारा असो वा नोकरदार, घर तारण ठेवलेल्या माणसाला आकडा कळला की झोप लागते. हप्ता लांबला तर त्यांना बँकेशी वेळेत बोलता येईल. तुझ्या खोट्यामुळे ती संधीच जातेय. विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला 20 तास काम करता येतं, तेही लक्षात ठेव, पण पहिल्या परीक्षा होईपर्यंत त्याच्या मागे लागू नकोस. आणि लाज वाटून घेऊ नकोस. गॅलिलिओने पादोवात 18 वर्षं शिकवलं, 1592 पासून. पगार पुरायचा नाही म्हणून तो खासगी शिकवण्या घ्यायचा आणि घरात विद्यार्थी भाड्याने ठेवायचा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज देत नाही. जानेवारी-फेब्रुवारीच्या परीक्षा दे, ठसे देऊन ये, मग मला परत लिही. तेव्हाही यावंसं वाटलं तर ये, मी तुझ्या बाबांना स्वतः पत्र लिहीन. परत येणारा हरलेला असतो, असं मी मानत नाही. पण नोव्हेंबरात ठरवू नकोस. पो नदीच्या त्या खोऱ्यात या दिवसांत धुकं असं पडतं की समोरची कमान दिसत नाही. मीसुद्धा चौथ्या दिवशी भाचीला म्हटलं होतं, माझं तिकीट बदल.

धुक्यातच एकदा विद्यापीठाच्या जुन्या वाड्यापाशी जा. पालाझ्झो बो. 'बो' म्हणजे बैल, तिथे पूर्वी बैलाच्या नावाची खानावळ होती. पदवी मिळालेला एखादा पोरगा डोक्यावर तमालपत्राच्या जातीच्या पानांची माळ घालून उभा असेल. मित्र त्याच्यावर पीठ नि अंडी फेकतात. त्याच्या आजवरच्या भानगडींचं काव्य लिहिलेला भलामोठा कागद त्याला भर रस्त्यात मोठ्याने वाचायला लावतात, आणि वर जे गाणं म्हणतात त्याचा अर्थ भाचीने मला सांगितला नाही. मी ओळखला. कोकणातला शिमगा पाहिलेल्या बाईला भाषांतर लागत नाही. आणि मी पाहिलेल्या पोराची आजी शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती!

आता रात्रीचं जेवण. सुपरमार्केटात 'फारिना दी चेची' नावाचं पाकीट मिळतं. चण्याचं पीठ. ते काबुली चण्यांचं असतं, आपल्या हरभरा डाळीचं नव्हे, त्यामुळे चव किंचित वेगळी लागेल, पण पिठलं होतं. भाकरी नाही म्हणून अडू नकोस. तुमच्या त्या व्हेनेतो प्रांतात पोलेंता खातात, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. मी पिठल्याबरोबर तीच खाल्ली, चांगली लागते. शुक्रवारी कर. मिरची बेताने, लसूण हवा तेवढा, त्याला ते नाही म्हणणार नाहीत. पीठ आधी गार पाण्यात कालवून घे, नाहीतर गाठी होतील. आणि चौघांना पुरेल एवढं कर.

– काकू