पेन खिशात ठेवू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. विमानात बिघाड जाणवला, तू तो टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत, लिहायला निघालीस. कॅप्टन म्हणाले, "इथे लिहिलंस तर विमान अडकेल, आपल्या मुख्य तळावर, बेसला लिहू," आणि तू पेन खिशात ठेवलंस. चुकलं का, विचारतेस. चुकलं. तिथेच लिहायचं होतं.

मीही एकदा ठेवलं होतं. दिवसाचं शेवटचं उड्डाण, नागपूर-मुंबई. लँडिंगनंतर नोज व्हील, म्हणजे पुढचं चाक, दोन-तीन सेकंद थरथरलं. शिडीपाशी इंजिनिअरला म्हटलं, "जरा बघून घे रे." त्याची शिफ्ट संपली, तो घरी गेला, माझं बोलणंही त्याच्याबरोबर गेलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या क्रूला ते इतक्या जोरात जाणवलं की विमान रनवेवरच उभं करावं लागलं. इजा कुणाला नाही. पण त्या कॅप्टनने सकाळी टेक लॉग उघडला असणार, आणि माझं पान कोरं होतं.

लिही. बिघाडाचं निदान करू नकोस, दिसलं ते लिही. 'ब्रेक खराब' वाचून इंजिनिअरला काय कळणार? किती नॉट वेगाला, कुठल्या बाजूला ओढ, किती सेकंद? नाहीतर जमिनीवर सगळं ठीक निघतं आणि तो तसं लिहून सही करतो. त्याचा काय दोष?

तुम्ही काय केलंत तेही लिही. 28 ऑक्टोबर 2018 ला लायन एअरचं विमान देनपसारहून जकार्ताला आलं. स्पीड आणि उंचीचे आकडे जुळत नाहीत, हे लॉगमध्ये आलं. स्टिक शेकर, म्हणजे विमान हवेतला आधार गमावतंय असा इशारा द्यायला कंट्रोलचा दांडा हलवणारं यंत्र, फ्लाइटभर चालू होता, स्टॅबिलायझर ट्रिमचे, म्हणजे शेपटीतून विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचे, स्विच बंद करून विमान आणलं, हे आलं नाही. लिहिलं होतं तेवढ्यावर काम झालं. दुसऱ्या सकाळी तेच विमान कोसळलं, 189 माणसं गेली. कारणं अनेक होती, मान्य. पण ते पान वाचताना मला आजही माझं कोरं पान दिसतं.

विमान अडकेल? एमईएल उघड ना, कुठला बिघाड असताना किती दिवस उडता येतं त्याची यादी! बी कॅटेगरीला 3 दिवस, सीला 10. ते दिवस नोंदीनंतरच मोजले जातात. न लिहिलेला बिघाड कितीही दिवस उडतो.

पुढे माझ्या नोंदींमुळे फ्लाइट्स उशिरा सुटल्या, ऑफिसात बोलावणी आली, हट्टी म्हणाले. म्हणू देत. एका रात्री मी हट्ट धरला नव्हता, तेवढं पुरे झालं.

"सर, एंट्री मी करते, तुम्ही बघून सही करा." इतकंच म्हणायचं. आणि दाबून लिही, खालच्या कॉपीवर उमटलं पाहिजे.

बेसला पोचल्यावर तरी लिहिलंत का? मेसेजमध्ये ते नाही. नसेल, तर पत्र बाजूला ठेव आणि आत्ता मेंटेनन्स कंट्रोलला फोन कर.