मिळकतकराची सवलत आणि महापालिकेची शाळा

एप्रिलमध्ये पुणे महापालिकेची बिले घरोघरी पोहोचली की मिळकतकराविषयीची पत्रे आमच्याकडे येऊ लागतात. यंदा त्यांतील बऱ्याच पत्रांत एक नवा सूर आहे. सवलत कशी मिळवावी हे तर वाचक विचारतातच, पण सवलत दिल्यामुळे कोणाचे काही कमी होते का, असेही काहींनी विचारले आहे. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून कोथरूडला स्वतःच्या सदनिकेत राहते. बिलामध्ये ‘मनपा शिक्षण कर’ आणि ‘राज्य शासनाचा शिक्षण कर’ अशा दोन ओळी आहेत. हा पैसा नक्की कोठे जातो? आम्हांला ४० टक्के सवलत मिळते, तिच्यामुळे महापालिकेच्या शाळांचे नुकसान होते का?

उत्तर : या दोन ओळी बिलावर शेजारी-शेजारी छापलेल्या असल्या तरी त्यांचा पैसा दोन निराळ्या तिजोऱ्यांत जातो. राज्य शासनाचा शिक्षण कर हा १९६२ च्या शिक्षण व रोजगार हमी उपकर कायद्याखाली बसवलेला आहे. महापालिका तो केवळ गोळा करते आणि राज्याकडे भरते. त्याच कायद्यातील रोजगार हमी कर बिगरनिवासी मिळकतींवर असल्यामुळे तो आपल्या बिलात दिसणार नाही. मनपा शिक्षण कर मात्र महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नात जमा होतो.

आता सवलतीविषयी. पुणे महापालिकेने १९७० मध्ये असा ठराव केला की, मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीचे वार्षिक भाडे (घर भाड्याने दिले तर मिळेल असे मानलेले, ज्यावर कर ठरतो ते) ६० टक्केच धरावे. आपण ज्याला ४० टक्के सवलत म्हणतो ती हीच. कायद्यात अशी तरतूद नसल्याचा आक्षेप पुढे लेखापरीक्षणात निघाला, २०१९ मध्ये राज्य शासनाने तो ठराव विखंडित म्हणजे रद्द केला, आणि नागरिकांच्या तीव्र नाराजीनंतर १ एप्रिल २०२३ पासून सवलत पुन्हा लागू झाली.

ही सवलत बिलाच्या अखेरच्या आकड्यातून वजा होत नाही, ती आकारणीच्या मुळाशीच दिली जाते. समजा, एखाद्या सदनिकेचे वार्षिक भाडे ५०,००० रुपये ठरले. सवलत नसेल तर त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा होऊन करपात्र रक्कम ४५,००० रुपये होते. सवलत असेल तर भाडे ३०,००० धरले जाते आणि करपात्र रक्कम २७,००० वर येते. ज्या ज्या कराचा दर या रकमेवर बसतो, तो प्रत्येक कर त्याच प्रमाणात खाली येतो. एखाद्या कराचा दर हिशेबासाठी शेकडा ५ धरला, तर २,२५० रुपयांच्या जागी १,३५० रुपये जमा होतात. ठरलेल्या मुदतीत बिल भरल्यास मिळणारी सूट मात्र बिलातील सर्वसाधारण कर या वेगळ्या ओळीवर असते, त्यामुळे तिचा शिक्षण कराशी संबंध येत नाही.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, सवलतीमुळे शिक्षण कराचे उत्पन्न घटते. त्यामुळे शाळा बंद पडते का? तसे होत नाही. प्राथमिक शाळा चालवणे हे महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, शिक्षकांच्या वेतनासाठी राज्याचे अनुदान येते, समग्र शिक्षा योजनेतून केंद्र आणि राज्याचा निधी मिळतो आणि उरलेला खर्च महापालिका आपल्या एकूण उत्पन्नातून भागवते. एका कराची घट अशा रीतीने सगळ्या अंदाजपत्रकात विरून जाते, आणि माझ्या मते खरा धोका याच ठिकाणी आहे, कारण ती कोणाच्याच नजरेस पडत नाही. पैसा अपुरा पडला तरी कायम शिक्षकांचे वेतन थांबवता येत नाही. मग मागे पडते ती स्वच्छतागृहाची दुरुस्ती, गळके छत पुढच्या वर्षावर जाते, रिक्त जागेवर मानधन तत्त्वावरील शिक्षक येतो, आणि गणवेश व वह्यांचे पैसे पालकांच्या खात्यावर जमा व्हायला उशीर होतो. यांपैकी कशाचीही नोंद ‘मिळकतकर सवलतीचा परिणाम’ या मथळ्याखाली होत नाही.

आपल्यासारख्यांना सवलत मिळू नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाला जे भाडे कधी हातात मिळतच नाही, त्या मानीव भाड्यावर हा कर बसतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कुटुंबाला तो पूर्ण दराने भरायला लावणे मला अन्यायाचे वाटते. माझा आग्रह इतकाच आहे की, सवलतीपोटी किती रक्कम सोडली आणि शिक्षण विभागाला ती कोठून भरून दिली, हे अंदाजपत्रकात दरवर्षी स्वतंत्रपणे मांडले जावे. २०२३ मध्ये सवलत पुन्हा सुरू झाली तेव्हा महापालिकेत नगरसेवकच नव्हते, कारण सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून प्रशासकांचा कारभार सुरू झाला होता. त्यामुळे हा प्रश्न मुख्य सभेत जाहीरपणे विचारणारा लोकप्रतिनिधी त्या वेळी कोणीच नव्हता.

प्रश्न : आम्ही २०२० मध्ये धायरीत सदनिका घेतली व तेथेच राहतो. बिलात सवलत लागलेली नाही. शेजाऱ्यांना आहे. काय करावे?

उत्तर : १९७० चा ठराव विखंडित झाल्यानंतरच्या काळात नव्याने आकारणी झालेल्या मिळकतींना सवलत आपोआप लागलेली नाही, त्यासाठी पीटी-३ अर्ज द्यावा लागतो. सोबत आपण स्वतः तेथे राहत असल्याचे सोसायटीचे पत्र, आणि मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, गॅस कार्ड किंवा शिधापत्रिका यांपैकी पुरावा जोडावा. पुणे शहरात आपली दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही द्यावी लागते. अर्ज आपल्या भागाच्या पेठ निरीक्षकाकडे किंवा क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. निर्णय होईपर्यंत बिल थकवू नका, कारण थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते आणि सवलतीतून जे वाचायचे ते शास्तीत जाते.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत टेक्सास राज्यात राहते. तेथे घरमालकांना मोठी करसवलत मिळाली आणि लगेच शाळांच्या निधीवरून वाद सुरू झाला, असे ती सांगते. आपल्याकडे असा वाद का होत नाही? (औंध येथील वाचक)

उत्तर : तेथे शाळांचा कारभार ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ नावाची स्वतंत्र स्थानिक संस्था पाहते, आणि ती संस्था घरांवर स्वतःचा कर बसवते. मिळकतकराच्या बिलातील मोठा हिस्सा थेट शाळेचाच असल्यामुळे सवलतीचा प्रत्येक डॉलर शाळेच्या हिशेबात तत्काळ दिसतो. टेक्सासमधील मतदारांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये राहत्या घराच्या मूल्यातील शाळा-करातून वगळायची रक्कम ४०,००० डॉलरवरून १,००,००० डॉलरवर नेली. त्या निर्णयाबरोबरच शाळांचे बुडणारे उत्पन्न राज्याच्या तिजोरीतून भरून देण्याची तरतूदही करण्यात आली. वाद होतो तो ही भरपाई पुढे किती वर्षे टिकेल यावर. त्याहून जुने उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. तेथे १९७८ मध्ये ‘प्रपोझिशन १३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनमताने कर मूल्याच्या १ टक्क्यावर रोखला आणि करासाठी धरायच्या मूल्याची वाढ वर्षाला २ टक्क्यांपुरती मर्यादित केली. त्यानंतर शाळांच्या खर्चाचा भार स्थानिक संस्थांकडून मोठ्या प्रमाणात राज्याकडे गेला.

आपल्याकडे महापालिकेच्या शाळेचा पैसा अनेक वाटांनी येतो आणि खासगी अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन राज्यच देते. श्रीमंत वस्तीच्या शाळेला अधिक आणि गरीब वस्तीच्या शाळेला कमी, हा अमेरिकेतील जुना दोष यामुळे आपल्याकडे त्या रूपात आलेला नाही, आणि ही मोठी जमेची बाजू आहे. पण टेक्सासच्या आमदारांना सवलत देताना भरपाईचा आकडा सांगावाच लागला. आपल्याकडे तो कोणी मागितलाच नाही.

प्रश्न : मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. पुण्यात का नको? (हडपसर येथील गृहनिर्माण संस्थेचे सचिव)

उत्तर : मुंबईतील ही माफी २०२२ च्या प्रारंभी जाहीर झाली आणि पुण्यातही तशी मागणी तेव्हापासून होत आहे. लहान घरातील कुटुंबाला दिलासा मिळावा या हेतूशी मी सहमत आहे, तरी सरसकट माफीला माझा विरोध आहे. पुणे महापालिकेची जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर बहुतेक व्यापाऱ्यांसाठी २०१५ मध्ये बंद झाला, आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईचे अनुदान राज्याकडून येते. स्वतःच्या अधिकारात वसूल करता येईल असे जे थोडे उत्पन्न महापालिकेच्या हाती उरले, त्यात मिळकतकर सर्वांत महत्त्वाचा आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे शहरात आली, त्यांच्याबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळांची जबाबदारीही आली. खर्चाचा व्याप असा वाढत असताना उत्पन्नाचा आधार काढून घेतला, तर त्याचा फटका बसतो तो आपल्याच सोसायटीत धुणी-भांडी करणाऱ्या बाईंच्या मुलांना, कारण महापालिकेच्या शाळेत तीच मुले बसतात.

येथे गोपाळ कृष्ण गोखले यांची आठवण करून देणे अस्थानी होणार नाही. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेल्या गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले. खर्चाचा एक तृतीयांश वाटा स्थानिक संस्थेने आणि दोन तृतीयांश सरकारने उचलावा, तसेच स्थानिक संस्थेला शिक्षणासाठी खास कर बसवता यावा, अशी त्यांची योजना होती. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. शिक्षणाची मागणी करतानाच तिचा खर्च कोणी किती उचलायचा, हे गोखल्यांनी विधेयकातच लिहून ठेवले होते. आपल्या संस्थेने माफीसाठी निवेदन देताना महापालिकेची तूट राज्याने प्रतिवर्षी भरून द्यावी, ही मागणीही त्याच कागदावर लिहावी. तसे निवेदन असेल तर त्याला माझा मनापासून पाठिंबा राहील.

प्रश्न : आम्ही मुलाकडे बाणेरला राहायला गेलो आणि जुनी सदनिका भाड्याने दिली. तिच्या बिलात सवलत अजून चालूच आहे. आपणहून कळवणे आवश्यक आहे का?

उत्तर : होय, आवश्यक आहे. सवलत स्वतः राहण्यासाठी आहे. भाडे प्रत्यक्ष हातात येऊ लागले की तिचे कारणच संपते. महापालिकेने जीआयएस सर्वेक्षण (संगणकीय नकाशाच्या आधारे मिळकतींची पाहणी) केले तेव्हा भाडेकरू आढळलेल्या मिळकतींची सवलत काढून मागील वर्षांचा फरकही लावण्यात आला, आणि एकदम आलेली ती बिले अनेक कुटुंबांना जड गेली. भाडेकराराची प्रत जोडून कर आकारणी व कर संकलन विभागाला लेखी कळवा आणि अर्जावर पोच घ्या. सदनिका रिकामी करून आपण पुन्हा तेथे राहायला आलात, तर पीटी-३ अर्ज देऊन सवलतीची मागणी नव्याने करता येईल.