|क्ष| + |य| ≤ १०० या अटीत पूर्णांकांच्या जोड्या मोजताना ४०३ जोड्या जास्त का येतात?

आपण विचारले आहे की |क्ष| + |य| ≤ १०० ही अट पूर्ण करणाऱ्या पूर्णांकांच्या क्रमित जोड्या (क्ष, य) किती. पहिल्या चरणातील ५१५१ जोड्यांना चाराने गुणून आपण २०६०४ हे उत्तर काढले, पुस्तकात मात्र २०२०१ दिले आहे. पुस्तकाचे उत्तर बरोबर आहे. आपली ५१५१ ही संख्याही बरोबर आहे आणि त्यामुळेच चूक चटकन सापडत नाही.

क्ष आणि य दोन्ही शून्य किंवा धन धरल्यास, क्ष = ० असताना य च्या १०१ किमती मिळतात, क्ष = १ असताना १०० आणि असे करत शेवटी एकच; त्यांची बेरीज ५१५१ येते. गोम आहे ती चाराने गुणण्यात. (३०, ४०) या बिंदूची चिन्हे बदलून चार वेगळे बिंदू मिळतात, पण (३०, ०) चे दोनच मिळतात, कारण उणे शून्य म्हणजे शून्यच. आरंभबिंदू वगळता अक्षांवर ४०० बिंदू आहेत. आपल्या रीतीत ते प्रत्येकी दोनदा मोजले गेले, म्हणजे ४०० जास्त झाले, आणि आरंभबिंदू चारदा मोजला गेला, म्हणजे आणखी ३ जास्त झाले. आपले ४०३ ते हेच.

अशा गणितात मी आधी १०० च्या जागी १ ठेवून पाहतो. तेथे आरंभबिंदू आणि त्याचे चार शेजारी मिळून पाचच बिंदू आहेत हे डोळ्यांना दिसते, आणि आपल्या रीतीने मात्र ३ × ४ = १२ येतात; म्हणजे दोन मिनिटांत रीतीतील दोष उघडा पडतो.

चरणांच्या वाटेला न जाता आडव्या ओळी मोजणे मला अधिक निर्धोक वाटते. य ची किंमत ठरली की क्ष ला २(१०० − |य|) + १ किमती घेता येतात. सर्वांत वरच्या ओळीत १ बिंदू, तिच्याखाली ३, मग ५, असे मधल्या ओळीत २०१ बिंदू होतात आणि पुढे संख्या त्याच क्रमाने उतरते. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांच्या हाताला हा आकार परिचित असेल: मधली ओळ १५ ठिपक्यांची आणि वर-खाली दोन-दोन ठिपके कमी करत एकापर्यंत. पहिल्या काही विषम संख्यांची बेरीज नेहमी त्यांच्या संख्येच्या वर्गाइतकी असते. म्हणून मधल्या ओळीसह वरचा भाग १०१² = १०२०१ आणि खालचा भाग १००² = १०००० इतका होतो. एकूण २०२०१. रांगोळीचे ठिपके याच हिशेबाने ८² + ७² = ११३ भरतात.

उत्तरात दोन लगतचे वर्ग आले हा योगायोग नाही, आणि या प्रश्नातील सर्वांत देखणा भाग मला हाच वाटतो. प = क्ष + य आणि ब = क्ष − य असे मानू. |क्ष| + |य| ही किंमत |प| आणि |ब| यांतील मोठ्या किमतीइतकीच असते. त्यामुळे मूळ अट फक्त एवढेच सांगते की प आणि ब दोन्ही −१०० ते १०० यांच्या दरम्यान असावेत. त्यात भर एवढीच की क्ष आणि य पूर्णांक येण्यासाठी प आणि ब दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असले पाहिजेत. −१०० ते १०० मध्ये १०१ सम आणि १०० विषम संख्या आहेत, म्हणून १०१² + १००². तिरका चौकोन सरळ केला की त्यातून दोन चौरस बाहेर पडतात. १०० ऐवजी कोणताही धन पूर्णांक म घेतला तरी (म + १)² + म², म्हणजेच २म² + २म + १, हे सूत्र लागू राहते.

पडताळ्यासाठी गेओर्ग पिक यांचे १८९९ मधील प्रमेय वापरता येते. त्यानुसार पूर्णांकी शिरोबिंदू असलेल्या बहुभुजाकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे आतील बिंदू, अधिक सीमेवरील बिंदूंची निम्मी संख्या, वजा एक. आपल्या चौकोनाचे दोन्ही कर्ण २०० आहेत, म्हणून क्षेत्रफळ २०००० आहे, आणि सीमेवर ४०० बिंदू आहेत. म्हणून आत १९८०१ बिंदू उरतात. दोन्ही मिळून पुन्हा २०२०१ येतात. प्रश्नात ≤ ऐवजी < हे चिन्ह असते, तर सीमेवरचे ४०० बिंदू गळून उत्तर १९८०१ आले असते.